धातूचा सातबारा

१२ मिलिमीटरची एक टीएमटी सळी यूटीएमच्या, म्हणजे ताणून ताकद मोजायच्या मशीनच्या, जबड्यांत धरली आणि ती ५६ किलोन्यूटन भाराला यील्ड झाली, म्हणजे कायमची लांबू लागली. आता भाराला क्षेत्रफळाने भागायचं. एका प्रयोगशाळेने व्यास १२ धरून क्षेत्रफळ ११३.१ चौरस मिलिमीटर घेतलं. उत्तर आलं ४९५ मेगापास्कल. 'एफई ५०० डी' सळीला किमान ५०० लागतात, म्हणजे सळी नापास. दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच सळीचा मीटरभर तुकडा तोलला. तो ८५० ग्रॅम भरला. सळ्यांचं भारतीय मानक आयएस १७८६ मध्ये दिल्याप्रमाणे किलोतल्या वजनाला ०.००७८५ गुणिले लांबी यांनी भागलं, तर क्षेत्रफळ निघालं १०८.३ आणि यील्ड ५१७ मेगापास्कल. सळी पास. १२ मिलिमीटरच्या सळीचं ठरलेलं वजन मीटरला ८८८ ग्रॅम आणि सूट ५ टक्क्यांची, तेव्हा वजनातही ती बसते.

दोन्ही अहवालांत रकान्याचं नाव एकच असतं, 'यील्ड स्ट्रेंग्थ'. क्षेत्रफळ कुठून आणलं ते दोन्हींत लिहिलेलं नसलं, तर पाच वर्षांनी हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी बसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की पोलादच कमीजास्त होतं. पोलाद तेच असतं, फक्त भागाकार वेगळा झालेला असतो. आज अशा तक्त्यांवर संगणकाला शिकवून नवे मिश्रधातू शोधायची भाषा सगळीकडे चालली आहे. त्या आधी हा भागाकार नीट लिहायची सवय लावली पाहिजे, आणि ती लावायला नागपूरइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल.

कारण या शहराच्या पन्नासेक किलोमीटरच्या परिघात खनिजापासून तयार मालापर्यंतची अख्खी साखळी आहे. मनसरला मँगनीजची खाण आहे. वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व आरेखन केंद्र आहे. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातू अभियांत्रिकीचा जुना विभाग आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, हिंगणा आणि बुटीबोरीला ओतकाम, फोर्जिंग, एक्स्ट्रूजन आणि फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत, कोराडी-खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रांचे बॉयलर आणि राख आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे आहे.

खाण ब्यूरो महत्त्वाचा अशासाठी, की सामायिक मानकाने काय साधतं ते तिथे रोज दिसतं. देशभरातल्या खाणी ठरावीक नमुन्यात मासिक आणि वार्षिक विवरणपत्रं भरतात. साठ्याचं वर्गीकरण संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीने तीन आकडी कोडमध्ये होतं: पहिला आकडा आर्थिक बाजूचा, दुसरा व्यवहार्यता-अभ्यासाचा, तिसरा भूवैज्ञानिक खात्रीचा. १११ म्हटलं की सिद्ध साठा, ३३३ म्हटलं की अनुमानित. ओडिशातला भूवैज्ञानिक आणि भंडाऱ्यातला खाण व्यवस्थापक यांना एकमेकांना फोन करावा लागत नाही. आकड्यासोबत त्याची खात्री किती, हेही त्याच कोडमध्ये येतं. म्हणजे जमिनीखालच्या मँगनीजचा हिशेब एका भाषेत आहे. ते मँगनीज भट्टीत जाऊन पोलादात उतरलं, की प्रत्येक प्रयोगशाळेची भाषा वेगळी होते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजवायला दूर जायला नको. सातबारा पाहा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, रकाने ठरलेले. गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराबा वेगळा, भोगवटादार, फेरफार क्रमांक, कोणत्या हंगामात कोणतं पीक. काटोलचा सातबारा कोल्हापूरच्या बँकेत चालतो, कारण रकाने तेच आहेत. आणि त्यातला सर्वांत मोलाचा रकाना क्षेत्राचा नसून फेरफाराचा आहे. जमीन कोणाकडून कोणाकडे, कशी आणि कधी आली, हे कळल्याशिवाय नुसत्या क्षेत्राच्या आकड्यावर कोणी व्यवहार करत नाही. धातूचंही अगदी तसंच आहे. त्याच्या गुणधर्माचा आकडा हा त्याच्या फेरफारांचा परिणाम असतो: कोणत्या हीटचा (भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाचा), कसा ओतला, किती दाबला, किती तापवला, कशात बुडवला. हे नसेल तर आकडा हातात आहे, पण मालकी सिद्ध होत नाही, अशी गत होते.

ॲल्युमिनियमचं ६०८२ घ्या. दरवाज्यांच्या चौकटींपासून रेल्वेच्या भागांपर्यंत ते लागतं. ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग १७५ अंशांच्या आसपास आठेक तास ओव्हनमध्ये ठेवायचं, की टी-६ अवस्था मिळते. अहवालात सहसा '६०८२-टी६' एवढंच येतं. पण पाण्यातून काढल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंत मध्ये किती वेळ गेला? मॅग्नेशियम आणि सिलिकॉन जास्त असलेल्या या मिश्रधातूत तो वेळ वाढला की अंतिम ताकद घटते, कारण साध्या तापमानालाच अणूंचे बारीक पुंजके बनू लागतात आणि पुढे ओव्हनमध्ये हवे तसे कण तयार होऊ देत नाहीत. उष्णतेने हे पुंजके बनणं वेगाने होतं. नागपुरात मे महिन्यात शेडमध्ये ४५ अंश असताना दुपारच्या पाळीत बुडवलेला माल दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हनमध्ये गेला, तर तो जानेवारीतल्या मालासारखा वागणार नाही. दोन्हींवर शिक्का टी-६ चाच बसतो. मधल्या तासांचा रकाना नमुन्यात असता, तर 'उन्हाळ्यात माल का घसरतो' याचं उत्तर जुन्या नोंदींतून एका दुपारी निघालं असतं.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर चाचणीच्या खोलीकडेही पाहू. टेन्साइल, म्हणजे ताणून तोडायच्या चाचणीचं भारतीय मानक आयएस १६०८ चा पहिला भाग म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६८९२-१ च आहे. त्यात खोलीचं तापमान १० ते ३५ अंश धरलं आहे, आणि त्याबाहेर चाचणी केली तर तापमान नोंदवून अहवालात द्यायचं, असंही म्हटलं आहे. पोलादाला ३० आणि ४२ अंशांत फारसा फरक पडत नाही. एचडीपीई पाइपला पडतो, आणि भरपूर पडतो. शिवाय प्लास्टिकच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. जगभर प्रमाण वातावरण २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असं धरतात, तर आपल्याकडे उष्ण हवामान म्हणून २७ अंश आणि ६५ टक्के धरायची पद्धत आहे. दोन्ही बरोबर आहेत. पण कोणतं धरलं ते आकड्यासोबत लिहिलं नाही, तर दोन्ही आकडे वाया जातात. काँक्रीटचंही तेच: आपले १५० मिलिमीटरचे क्यूब २७ अंशांच्या पाण्यात मुरतात, युरोपात २० अंशांच्या, आणि जिथे क्यूबऐवजी सिलिंडर फोडतात तिथे आकडा क्यूबच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतो.

इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत लांबी किती टक्के वाढली, हा आकडा सगळ्यांत जास्त फसवतो. चाचणीचा गोल पीस ताणला की आधी तो सर्वत्र सारखा लांबतो आणि शेवटी एका जागी मान पडून तुटतो. समजा १० मिलिमीटर व्यासाचा पीस सगळीकडे १० टक्के लांबला आणि मानेजवळ आणखी ४ मिलिमीटर लांबला. लांबी मोजायला पीसवर आधी मारलेल्या खुणांमधलं अंतर ५० मिलिमीटर असेल तर एकूण वाढ ५ अधिक ४, म्हणजे ९ मिलिमीटर, १८ टक्के. खुणा ४० मिलिमीटरवर मारल्या असतील तर ४ अधिक ४, म्हणजे ८ मिलिमीटर, २० टक्के. धातू तोच. आयएसओच्या पद्धतीत गोल पीससाठी व्यासाच्या पाचपट अंतर घेतात, अमेरिकी एएसटीएम ई-८ मध्ये चारपट. निर्यातीचं काम करणाऱ्या कारखान्यात दोन्ही पद्धतींचे पीस एकाच दिवशी तुटतात आणि एकाच एक्सेल फाइलमध्ये 'इलाँगेशन टक्के' या एकाच रकान्यात जातात. पोलादासाठी एकावरून दुसरा काढायचे तक्ते आहेत, पण ते ॲल्युमिनियमला लागू पडत नाहीत.

आणि एक्सटेन्सोमीटर, म्हणजे पीसवरच लावून त्याची लांबी किती वाढली ते मोजणारं उपकरण. घाईच्या दिवशी तो न लावता क्रॉसहेडच्या, म्हणजे मशीनच्या सरकत्या तुळईच्या, सरकण्यावरूनच विकृती (मूळ लांबीच्या मानाने झालेली वाढ) मोजली जाते. मग जबड्यांत पीस बसतानाची घसरण, मशीनच्या खांबांची लवचीकता, सगळं त्या वक्ररेषेत मिसळतं. ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (लांबी कायमची ०.२ टक्के वाढवणारा ताण) काढताना सुरुवातीच्या सरळ भागाला समांतर रेषा ओढायची असते. तो सरळ भागच खोटा असला की पुढचं उत्तर कशाच्या आधारावर उभं राहणार? हे ओळखायची खूण मात्र अगदी सोपी आहे. ॲल्युमिनियमचा यंग मापांक ७० गिगापास्कलच्या आसपास असतो. वक्ररेषेच्या सरळ भागाचा उतार २०-२५ येत असेल, तर एक्सटेन्सोमीटर लावलेला नव्हता असं खुशाल समजावं. पण ही तपासणी करायची तर मूळ वक्ररेषा हातात हवी. छापील टीसीवर, म्हणजे चाचणीच्या दाखल्यावर, वक्ररेषा नसते, तीन आकडे असतात.

वेगाचीही तीच कथा. मानकात दोन पद्धती आहेत: विकृतीचा दर धरून चाललेली 'ए', आणि ताणाचा दर धरून चाललेली 'बी'. 'बी' मध्ये ॲल्युमिनियमसाठी सेकंदाला २ ते २० मेगापास्कल इतकी मुभा आहे, म्हणजे दहापट. पोलादासाठी ६ ते ६०. सेकंदाला २० ने ताणलं तर २५० मेगापास्कलला पोचायला साडेबारा सेकंद लागतात. मशीन सेकंदाला एकच नोंद घेत असेल तर यील्डच्या आधी फक्त बारा बिंदू. त्या बारांतून उतार काढायचा. फाइलमध्ये दर आणि नोंदींची वारंवारिता नसेल, तर पुढच्या माणसाला हे कळायला मार्ग नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे: मानकं तर आहेतच, मग नवं काय करायचं? खरं आहे. आयएस १६०८ च्या अहवालात मानकाचा संदर्भ, पीसची ओळख, धातूचं नाव, पीसचा प्रकार, तो कुठून आणि कोणत्या दिशेने कापला, नियंत्रणाची पद्धत आणि दर, हे सगळं द्यायचं आहेच. एनएबीएल या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ नुसार कॅलिब्रेशनच्या नोंदीही ठेवतात. म्हणजे निम्म्याहून जास्त माहिती प्रयोगशाळेत कुठे ना कुठे लिहिलेली असते: तापमान रजिस्टरमध्ये, दर मशीनच्या सेटिंगमध्ये, कॅलिब्रेशनचा दाखला कपाटात, उष्णोपचाराचा चार्ट कारखान्यात. घोडं पेंड खातं ते इथे. चाचणी कशी करायची याचं मानक आहे. केलेल्या चाचणीची नोंद एकत्र, एका आकारात, यंत्राला वाचता येईल अशी कशी ठेवायची, याची सवय नाही.

जगात यावर प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. त्यातलं काय टिकलं आणि काय नाही, हे पाहिल्याशिवाय आपण काही ठरवू नये. स्फटिकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये सीआयएफ हा फाइलचा नमुना आणला आणि तो आज सार्वत्रिक आहे. त्याच्या यशाची कारणं तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त. त्यांच्या नियतकालिकांनी शोधनिबंधासोबत ती फाइल मागायला सुरुवात केली. रचना सोडवणारी सॉफ्टवेअरं ती फाइल आपोआप लिहून देऊ लागली. आणि फाइल आल्याबरोबर तपासून चुका दाखवणारा प्रोग्रॅम आला. तिन्ही एकत्र आल्यामुळे संशोधकाला फाइल देणं हे न देण्यापेक्षा सोपं झालं. याउलट अभियांत्रिकी गुणधर्मांसाठी मॅटएमएल नावाची भाषा अमेरिकेत घडवली गेली. ती विचारपूर्वक केली होती, पण मशीनने आपोआप लिहावी आणि कोणीतरी सक्तीने मागावी, असं काही झालं नाही, म्हणून ती प्रयोगशाळांच्या रोजच्या कामात रुजली नाही. पुढे २०११ मध्ये अमेरिकेने मटेरियल्स जीनोम इनिशिएटिव्ह जाहीर केलं. २०१६ मध्ये डेटा सापडण्याजोगा, मिळण्याजोगा, जुळण्याजोगा आणि पुन्हा वापरण्याजोगा असावा, ही 'फेअर' तत्त्वं आली. संगणकाने गणित करून काढलेल्या गुणधर्मांचे मोठे साठे उभे राहिले आणि ऑप्टिमेड या सामायिक पद्धतीने ते एकमेकांशी बोलूही लागले. पण गणितातला स्फटिक आदर्श असतो, त्याला ना भट्टी ना पाळी. खऱ्या धातूला चरित्र असतं. म्हणूनच गणिताच्या डेटाचं जुळलं आणि चाचणीच्या डेटाचं अजून अडलेलं आहे.

चाचणीच्या डेटात जपानचं एक उदाहरण मात्र फार शिकण्यासारखं आहे. तिथल्या राष्ट्रीय पदार्थ संस्थेने १९६६ मध्ये क्रीपच्या तक्त्यांचं काम हाती घेतलं. उंच तापमानात सतत भाराखाली धातू हळूहळू लांबत जातो आणि शेवटी तुटतो, त्याची ही नोंद. १९६९ मध्ये सुरू केलेली त्यांची एक चाचणी २०११ पर्यंत चालू होती. या तक्त्यांचं वैशिष्ट्य असं, की त्यांत ग्रेडची सरासरी देऊन थांबत नाहीत. प्रत्येक हीटचं रासायनिक पृथक्करण, उष्णोपचार आणि सुटी सुटी तुटण्याची वेळ दिलेली असते. म्हणून आज, नवी समीकरणं आल्यावरही, जुने आकडे पुन्हा वापरता येतात.

कोराडीसारख्या ठिकाणी ६६० मेगावॉटचे सुपरक्रिटिकल संच चालतात. अशा बॉयलरच्या नळ्यांचं उरलेलं आयुष्य काढताना लार्सन-मिलर हे सूत्र वापरायची रीत आहे: केल्विनमधलं तापमान गुणिले, २० अधिक तासांचा लॉगॅरिदम. ६०० अंशांना म्हणजे ८७३ केल्विनला १ लाख तास धरले तर गुणाकार येतो २१,८२५. आता त्याच गुणाकाराला ६१० अंशांवर किती तास मिळतात ते काढा: सुमारे ५२ हजार. १० अंशांत आयुष्य जवळजवळ निम्मं. आणि नळीच्या नोंदीत नुसतं 'तापमान ६००' लिहिलेलं असेल, तर ते वाफेचं की धातूचं? सुपरहीटरच्या नळीत या दोहोंत सहज काही दशक अंशांचा फरक असतो, आणि आत ऑक्साइडचा थर चढला की आणखी वाढतो. त्यात भर म्हणजे जुन्या अमेरिकी तक्त्यांत हाच गुणाकार रँकिनमध्ये असतो, म्हणजे १.८ पट, २१,८२५ च्या जागी ३९,२८५. एकक न लिहिलेला असा आकडा बॉयलरच्या निर्णयात वापरणं धोक्याचं आहे, आणि हे सौम्य शब्दांत सांगण्यासारखं नाही.

राखेबद्दलही बोलायला हवं, कारण विदर्भात फ्लाय ॲशवर संशोधन बरंच होतं. विटा, सिमेंट, जिओपॉलिमर. पण 'औष्णिक केंद्राची राख' हे पदार्थाचं नाव होऊ शकत नाही. ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्रणेच्या, पहिल्या हॉपरमधली राख भरड, पुढच्या हॉपरमधली बारीक. आयएस ३८१२ मध्ये सूक्ष्मता किलोला किमान ३२० चौरस मीटर, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर जास्तीत जास्त ३४ टक्के, जळून जाणारा भाग जास्तीत जास्त ५ टक्के, अशा मर्यादा आहेत. कोणत्या हॉपरची, कोणत्या तारखेची, संच किती भारावर होता, कोळसा कोणत्या खाणीचा की मिश्र, या चार गोष्टी नसतील तर एका प्रबंधातला विटेचा निष्कर्ष दुसऱ्याला पुन्हा काढता येत नाही. मग तिसरा विद्यार्थी तेच प्रयोग पहिल्यापासून करतो.

नावांचा घोळ वेगळाच. ६०८२ ला बाजारात कोणी एच-३० म्हणतं, कोणी एचई-३०, जुन्या भारतीय मानकात ते ६४४३०. ईएन-८ आणि सी-४५ एकाच शेल्फवर एकच समजून ठेवतात; पण ईएन-८ च्या जागी आलेल्या ०८०एम४० मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ आणि सी-४५ मध्ये ०.४२ ते ०.५०. शाफ्ट कडक करताना हा फरक तड्यांच्या रूपाने दिसतो. म्हणून नोंदीत नाव लिहिताना कोणत्या मानकाचं आणि त्याच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीचं, हे हवंच. पृथक्करण ओतताना भट्टीतल्या रसाचं की तयार मालाचं, हेही हवं. आणि एखादं मूलद्रव्य सापडलं नाही, तर '०' लिहायचं नाही. मोजलंच नाही, मोजलं पण मशीनच्या मर्यादेखाली आलं, आणि खरोखर शून्य, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भंगारातून केलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिसं किंवा लोह किती साचत चाललं आहे, हे पाहायचं तर हाच भेद कामाचा.

तेव्हा नागपुरात काय करावं? देशव्यापी पोर्टलची वाट पाहू नये. सुरुवात एका चाचणीपासून करावी, टेन्साइलपासून, आणि दोनच धातूंपासून: टीएमटी पोलाद आणि ६००० मालिकेतलं ॲल्युमिनियम. शिक्षणसंस्था, वाडीचं केंद्र आणि औद्योगिक वसाहतींतल्या पाच-सहा चाचणी प्रयोगशाळा यांनी बसून चाळीसच्या आत रकाने ठरवावेत. त्यातले पंधरा सक्तीचे, बाकी ऐच्छिक. दोनशे रकान्यांचा आदर्श नमुना कोणी भरत नाही. भरला तरी अंदाजाने भरतो, आणि अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्यापेक्षा वाईट. सक्तीच्यांत काय हवं ते वर आलंच आहे: हीट नंबर आणि पीसची ओळख, नाव व मानकाचं वर्ष, उष्णोपचाराची प्रत्यक्ष तापमानं आणि वेळा, पीसची मोजलेली मापं, क्षेत्रफळ कसं काढलं, खुणांमधलं अंतर, पद्धत आणि दर, एक्सटेन्सोमीटर होता का, खोलीचं तापमान, आणि मूळ वक्ररेषेची फाइल. प्रत्येक रकान्याला एकक ठरलेलं, फाइलच्या पहिल्या ओळीत नमुन्याचा आवृत्ती क्रमांक. पुढे रकाने बदलले तरी जुनी फाइल कोणत्या नियमाने वाचायची ते त्यावरून कळतं.

फाइल साधी मजकुराची असावी, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या बंद नमुन्यातली नसावी. कंपनी बदलली, परवाना संपला, की बंद फाइल उघडत नाही. एक्सेलमधून मात्र जपून जावं लागतं. हीट नंबर २४ई०५ असा असेल आणि मधलं अक्षर इंग्रजी ई असेल, तर एक्सेल त्याला घातांकातली संख्या समजून २४ लाख करून टाकतं. ५-१० अशी पीसची खूण ऑक्टोबरची किंवा मे महिन्याची तारीख होते. हीट नंबरच बिघडला की मागचा सगळा इतिहास तुटतो, म्हणून ओळखीचे रकाने कायम मजकूर म्हणूनच ठेवावेत.

मशीन प्रत्येकाचं वेगळं. म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी एकदाच एक छोटा रूपांतर प्रोग्रॅम लिहावा लागेल; अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला हे काम शोभेल. त्याहून महत्त्वाचा तपासणी प्रोग्रॅम. क्षेत्रफळ मापांशी जुळतं का, टेन्साइल यील्डपेक्षा कमी तर नाही ना, मापांक पटण्याजोगा आहे का, पृथक्करणाची बेरीज शंभराच्या वर जात नाही ना. चूक सापडली तर त्याने फाइल फेकून देऊ नये, खूण करावी. खुणांच्या बाहेर तुटलेला पीस, जबड्यात घसरलेला पीस, तोही ठेवावा, खोट काय ते लिहून. फसलेल्या चाचण्या पुसल्या की उरलेला डेटा खोट्या अर्थाने देखणा दिसतो.

चूक दुरुस्त करायची पद्धतही आधीच ठरावी. सातबारा संगणकावर आणताना झालेल्या लेखनचुका दुरुस्त करायला महसूल संहितेतलं कलम १५५ वापरावं लागलं. दुरुस्ती आदेशाने होते, गुपचूप नाही. इथेही जुनी नोंद तशीच राहावी, नवी तिच्या खाली यावी, कोणी आणि का बदललं ते दिसावं.

रकान्यांची माहितीपुस्तिका मराठीत असावी, असा आमचा ठाम आग्रह आहे. फाइल भरणारा माणूस प्राध्यापक नसतो. तो यूटीएमवर उभा असलेला आयटीआय झालेला तंत्रज्ञ असतो. 'ताणाचा दर मशीनच्या कोणत्या पडद्यावर दिसतो, क्रॉसहेडचा वेग त्या जागी लिहू नये' हे त्याला त्याच्या बोलीत, चित्रासकट सांगितलं तर तो अचूक भरतो. रकान्याची यंत्रासाठीची खूण इंग्रजी राहू दे. अर्थ मराठीत हवा.

कारखानदारांची गुप्ततेची भीती खोटी नाही. मिश्रधातूची घडण हाच ज्याचा धंदा, तो ती का उघड करेल? म्हणून नोंदीचे दोन भाग करावेत. चाचणीची परिस्थिती, मापं आणि वक्ररेषा एका भागात. रासायनिक घडण आणि ग्राहकाचं नाव दुसऱ्यात, तो कारखान्याच्याच संगणकावर राहील. पण नमुना दोघांचा एकच. त्याने कारखान्याचा स्वतःचा फायदा आधी होतो: ग्राहकाची तक्रार आली की त्या हीटचा इतिहास दहा मिनिटांत निघतो, रजिस्टरं उलटावी लागत नाहीत. युरोपला पोलाद आणि ॲल्युमिनियम पाठवणाऱ्यांना तर ऑक्टोबर २०२३ पासून सीमा कार्बन शुल्कासाठी मालाचा उत्सर्जन-हिशेब द्यावाच लागतो, आणि तो कच्चा माल, भंगार आणि भट्टी यांच्या नोंदींवरच उभा आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आताच रकाने बांधलेले बरे.

सार्वजनिक पैशातून झालेल्या चाचण्यांबाबत मात्र सवलत नको. केंद्राचं डेटा सामायिकीकरणाचं धोरण २०१२ पासून आहे. ज्या प्रकल्पाला सरकारी अनुदान आहे, त्याचा शेवटचा हप्ता मूळ वक्ररेषा आणि भरलेल्या नोंदी जमा झाल्यावरच मिळावा. संशोधकाला स्वतःचा निबंध आधी छापता यावा म्हणून वर्ष-दोन वर्षं नोंद बंद ठेवायची मुभा जरूर द्यावी. पीएचडीच्या प्रबंधालाही हीच अट लागावी. आज विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा वक्ररेषा त्याच्या पेनड्राइव्हवर जातात आणि विभागाच्या कपाटात छापील आलेख उरतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता जुने शोधनिबंध वाचून तक्ते काढून देईल, मग हा खटाटोप कशाला, असंही कोणी म्हणतं. ती लिहिलेलं काढून देईल. पाण्यातून काढल्यापासून ओव्हनपर्यंतचे जे तास कोणी लिहिलेच नाहीत, ते ती कुठून आणणार?

पहिली पायरी एका महिन्यात होण्यासारखी आहे. एकाच हीटची ६०८२ ची तीन मीटरची एक्स्ट्रूड केलेली गोल दांडी घ्यावी. दोन्ही टोकांची दीड-दीडशे मिलिमीटर सोडून द्यावी, कारण तिथली घडण वेगळी असू शकते. उरलेल्या भागाचे बारा तुकडे पाडून टोकापासून क्रमाने आकडे टाकावेत आणि सहा प्रयोगशाळांना वाटावेत. पहिल्या प्रयोगशाळेला पहिला व सातवा, दुसरीला दुसरा व आठवा, असे, म्हणजे दांडीच्या लांबीवरचा फरक एकाच्या माथी येणार नाही. प्रत्येकीने तुकड्यांतून लेथवर पीस घडवून, चाचणी करून, भरलेली फाइल पाठवावी. मग फाइलींची अदलाबदल करावी: दुसऱ्याची वक्ररेषा घेऊन त्याचा प्रूफ स्ट्रेस स्वतः काढायचा आणि त्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा. जिथे जुळणार नाही, तिथे नमुन्यात कोणता रकाना कमी आहे ते कळेल. दांडी कापण्याआधी मात्र प्रत्येक तुकड्याच्या जागी हीट नंबर आणि क्रमांक पंचने मारून घ्यावा. एकाच टोकाला मारलेला नंबर करवतीच्या पहिल्याच कापात सोडून द्यायच्या टोकासोबत निघून जातो आणि बाराही तुकडे अनोळखी होतात.